हिरव्या काचेचा चष्मा

सकाळी साडेदहा वाजता महाडच्या कचेरीत हवालदाराने टेबलावरचा रुमाल उलगडला आणि गोमाजीने चष्मा ओळखला.

१९३९ सालचा जानेवारी महिना. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. निरोप मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गोमाजी पोलादपूरच्या वरच्या वाडीतून डोंगर उतरला, खाली मोटार धरली आणि कचेरीचे दार उघडायच्या आधीच ओट्यावर येऊन बसला. आता तो टेबलापासून हातभर अंतर ठेवून उभा होता.

चष्मा सोनेरी तारेचा होता. काचा मोठ्या, वर रुंद आणि खाली गालाकडे निमुळत्या होत गेलेल्या. रंगाने गर्द हिरव्या. नाकावर एकीच्या वर एक अशा दोन तारा होत्या. एका कानाची तार वाकली होती.

"हात लावून बघ," हवालदार म्हणाला.

गोमाजीने हात लावला नाही. त्याने कमरेचे फडके सोडले, त्यातून पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला आणि चष्म्याशेजारी ठेवला. फोटोत त्याचा मुलगा मुरारी उभा होता. अंगात कोट, मागे राजवाड्याचा जिना रंगवलेला पडदा, एक हात फुलदाणीच्या टेबलावर, आणि डोळ्यांवर हाच चष्मा. नाकावरच्या दोन तारा फोटोतही स्पष्ट दिसत होत्या.

हवालदाराने फोटो उचलला, खिडकीशी नेला, परत आणला. मग त्याने मुंबईहून आलेला कागद वाचून दाखवला. डिसेंबरच्या नऊ तारखेला गोदीत दोन पडावांच्या, म्हणजे मालवाहू होड्यांच्या, मध्ये एका इसमाचे प्रेत वर आले. बरेच दिवस पाण्यात राहिल्याने चेहरा उरला नव्हता. अंगावर गोदी कामगाराचे कपडे. बंडीच्या आतल्या खिशात हा चष्मा. दुसरे काही नाही. कामावर यायचे बंद झालेल्यांपैकी तीन नावे मुकादमाने दिली होती, त्यांत मुरारी गोमाजी, राहणार पोलादपूर, हे एक. प्रेताला अग्नी देण्यात आला आहे.

"बाकीच्या दोघांच्या घरच्यांनी चष्मा ओळखला नाही," हवालदार म्हणाला. "पण घाई करू नको. मुंबई मोठी आहे. असा चष्मा दुसऱ्या कुणाचा नसेल कशावरून?"

"सायेब, आमच्या वाडीत चाळीस कोयते हायेत. डोळे बांधून मूठ हातात द्या, कुनाचा कुठला ते सांगीन."

"मी कोयत्याचं विचारत नाही."

"वस्तू मानसाला सोडत नाय, येवढंच म्हनतो. ह्यो माझ्या पोराचा."

 हवालदाराने शाईची डबी पुढे सरकवली. गोमाजीने डाव्या हाताचा अंगठा उमटवला आणि रुमालासकट चष्मा ताब्यात घेतला.

दुपार कलल्यावर तो वाडीत पोचला. ओटीवर खांबाला टेकून बसला. येसूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिथेच थांबली. आत त्यांची सून तुळसा भाकरी थापत होती.

"गेला," गोमाजी म्हणाला.

येसूबाईच्या हातून तांब्या सुटला. शेजारपाजारच्या बाया धावल्या. गोमाजीने मांडीवरचा रुमाल उघडून चष्मा दाखवला, फोटो दाखवला, पाण्याचे आणि पडावांचे सांगितले. तुळसाने तव्यावरची भाकरी उलटली, उतरवून ठेवली आणि ती दारात आली. तिने चष्म्याकडे एकदाच पाहिले. नंतर बराच वेळ ती सासऱ्याकडे बघत होती. बायांपैकी कुणी पुढे होण्याआधी तिने स्वतःच पदराने कुंकू पुसले. एकोणीस वर्षांची पोर, पण घट्ट काळजाची निघाली, असे गोमाजीला वाटले.

दहावे झाले, तेरावे झाले. चष्मा कोनाड्यात राहिला.

मुरारी फोटो घेऊन आला होता तो गणपतीला. तेव्हा सगळ्या वाडीने तो हातोहात फिरवला होता. मुंबईला गेलेली पोरे टोप्या आणत, बिनवातीचे, बॅटरीचे कंदील आणत, एकाने बाजाची पेटी आणली होती. पण डोळे झाकून इतका रुबाब कुणाला आला नव्हता. येसूबाईचे सगळे लक्ष कोटाकडे होते. कोटाचे वरून दुसरे बटण तुटलेले होते. तिने तेव्हाच मुरारीला विचारले होते, कोट का नाही आणलास, बटण लावून दिले असते. मुरारी हसून म्हणाला होता, खोलीवर आहे, पुढल्या खेपेला आणतो. गौरीच्या विसर्जनानंतर तो गेला. त्यानंतर त्याचे पत्र आले नाही.

आता चष्मा बघायला माणसे येऊ लागली. आधी बसत, दुःखाचे दोन शब्द बोलत, मग नजर कोनाड्याकडे वळे. गोमाजीचा धाकटा भाऊ महिपत याने पहिल्यांदा तो डोळ्यांना लावला. अंगणात जाऊन त्याने थेट वर पाहिले.

"दादा, ऊन इझलं रे," तो म्हणाला. मग आपण कुठे उभे आहोत हे आठवून त्याने चष्मा घाईने काढला.

एका दुपारी गोमाजी रानातून आला तर येसूबाई चष्मा लावून ओटीवर बसली होती. तारा तिच्या कानांवर नीट बसत नव्हत्या म्हणून तिने दोन्ही हातांनी त्या धरल्या होत्या. समोरच्या डोंगरावर वाळलेले गवत उभे होते.

"समदं हिरवं दिसतंय," ती म्हणाली. "श्रावनावानी. मुंबैत ह्यातनं बघत आसंल तर त्याला गावच दिसत आसंल न्हवं?"

गोमाजीने काठी कोपऱ्यात ठेवली.

"दिसत आसंल," तो म्हणाला.

फाल्गुनात पोलादपूरच्या शाळेचे मास्तर वाडीत आले. पोरे शाळेत धाडा म्हणून ते घरोघर हिंडत होते. चष्मा त्यांनी उजेडात धरला, काचेच्या कडेला नख फिरवले आणि नाकावरच्या तारेवरची बारीक अक्षरे जुळवून वाचली.

"हा विमान चालवणाऱ्यांचा," ते म्हणाले. "अमेरिकेतला. फार उंचावर गेलं की ऊन डोळ्यांत भाल्यासारखं घुसतं. माणसं डोकी धरून खाली उतरायची. म्हणून त्यांच्या लष्करासाठी एका चष्मेवाल्यानं ही हिरवी काच काढली. नाव बघा काय ठेवलंय. किरणांना मनाई. मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. दोनेक वर्षं झाली, आता बाजारातही विकतात. ज्यांनी विमान लांबूनसुद्धा पाहिलं नाही, तेही घालतात."

"आमचा मुरारी काय इमानात बसला न्हवता," महिपत म्हणाला.

"तेच तर. घातला की बसल्यासारखं वाटतं."

महिपत हसला. गोमाजीने विचारले, "मास्तर, असा येक चष्मा किती दिसांत बनत आसंल?"

"एक? कारखाना आहे तो, गोमाजीबाबा, लोहाराची भट्टी नव्हे. साच्यातून हजारांनी पडतात. एकासारखा एक."

"आनि त्यातला कुठला कुनाचा, ते कसं कळायचं?"

"नाहीच कळायचं," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा रुमालावर ठेवला आणि पोरांची नावे लिहायला वही काढली.

त्या दिवसापासून गोमाजीचे चष्म्याकडे बघणे बदलले. कोनाड्यासमोरून जाताना तो मान खाली घालू लागला. हजारांनी असतील, पण फोटोतला चष्मा तर मुरारीच्या नाकावर होता, हे तो स्वतःला पुन्हापुन्हा बजावीत असे. पोराचा कोट होता, पोराचा चष्मा होता, आणि पोराचे पत्र बंद झाले होते. यात चुकण्यासारखे काय होते?

गुढीपाडवा झाल्यावर तुळसाचे काका वाडीत आले. मुलगी तरुण, पोटी मूल नाही. तुडीलचा हैबती पाट लावायला तयार होता. हैबती तिशीचा. बायको तापाने जाऊन दोन वर्षे झालेली. तोही दिवाळीपर्यंत मुंबईत गोदीत होता, आता घरी राहून शेती करणार होता. यांच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागत असे; फक्त पहिल्या घरच्यांनी मोकळीक द्यावी लागे. येसूबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून तुळसाची दोन लुगडी काढली, झटकली आणि उन्हात घातली. गोमाजीने त्यावरून काय ते समजून घेतले. चैत्र वद्यातला शनिवार धरायचे ठरले.

शेवटचा शब्द द्यायला बुधवारी गोमाजी एकटाच तुडीलला गेला. सावित्रीच्या काठाशी हैबतीचे घर होते, कौलारू, शेणाने ताजे सारवलेले. हैबतीची आई बनुबाई हिने दारातच पायांवर पाणी घातले.

"डोंगर उतरून आलात, पावनं, गुडघं बोलत आसतील. हैबती, गूळ आन रे. नि त्या मडक्यातला आन, मुंग्यांचा नको. बायको येनार म्हनून याला आत्तापासनं कायबी सुधरंना, मामा."

"मुंग्या तूच पाळल्यास, आये," हैबती आतून म्हणाला.

माणसे चांगली होती. गोमाजी गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्यायला आणि तांब्या खाली ठेवताना त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे खिळ्याला एक फोटो टांगला होता. राजवाड्याचा जिना, फुलदाणीचे टेबल, त्यावर ठेवलेला हात. कोट. डोळ्यांवर चष्मा.

तो उठून भिंतीपाशी गेला. कोटाचे वरून दुसरे बटण तुटलेले होते. काचांच्या वर नाकावर दोन तारा होत्या. चेहरा हैबतीचा होता.

"ह्यो कोट तुझा?"

"कोट? छ्या." हैबती हसत बाहेर आला. "समदं त्या फोटूवाल्याचं. कोट बी, गागल बी. माझं फकस्त तोंड. ऐतवारी त्याच्याकडं गोदीतली निम्मी पोरं लायनीत हुभी. येकाचा फोटू झाला का कोट काढून दुसऱ्याच्या अंगात. अंगात घालायचा म्हनजे आधीच्याचा घाम बी आपलाच. कोकनातल्या घराघरात त्योच कोट लटकत आसंल."

"आनि चष्मा?"

"गागलावर त्याचा लई जीव. सोताच्या हातानं नाकावर ठेवायचा, फोटू निघाला का परत पेटीत. कुना गोऱ्या खलाशाकडनं घेतलेला. येकानं जरा जास्त येळ डोळ्याला ठेवला तर कान उपटला त्याचा." त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केले. "मुरारीनं बी तितंच काढला हुता. मीच नेला हुता त्याला."

मुरारीची ओळख चष्म्यावरून पटली, हे तुडीलला कुणाला ठाऊक नव्हते. पोरगा गोदीत बुडाला, कचेरीने कळवले, एवढेच त्यांच्या कानी गेले होते. गोमाजी भिंतीला हात लावून उभा राहिला.

"काय झालं?" बनुबाई म्हणाली. "रंग उतरला तुमचा."

"ऊन लागलं."

"मंग शनवारचं नक्की न्हवं? मी पावन्यांना सांगून बसलेय."

"उद्या निरोप धाडतो," गोमाजी म्हणाला.

परत येताना सगळ्या वाटेवर तो एकच हिशेब करीत होता, आणि प्रत्येक वेळी तो एकाच जागी येऊन थांबत होता. पोराकडे चष्मा नव्हता. मग बुडालेला कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. कदाचित मुरारीच असेल, त्याने कुठून तरी असलाच दुसरा चष्मा मिळवला असेल. कदाचित परक्या मुलखातला कुणी असेल, आणि त्याची बायको अजून कुंकू लावून वाट बघत असेल. ठाऊक होते ते एवढेच, की आपण अंगठा दिला.

सकाळी येसूबाई ओढ्यावर गेली. तुळसा अंगण सारवीत होती. गोमाजी पायरीवर बसला. सून शेणाचा हात फिरवीत त्याच्या पायांपर्यंत आली तेव्हा त्याने पाय वर घेतले.

"तुळसा, त्यो चष्मा मुरारीचा न्हवता."

तिचा हात थांबला नाही. तिने अर्धे वर्तुळ पुरे केले, शेजारी दुसरे घातले.

"फोटूवाल्याचा हुता," ती म्हणाली. "कोट बी. मला गनपतीत सांगितलं हुतं त्यांनी."

 खालच्या घरात कुणीतरी कोंबड्यांना हाकलीत होते.

"तुला ठावं हुतं."

"व्हय."

"नि गप ऱ्हायलीस."

तुळसाने हात घमेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि मागे सरून उकिडवी बसली. डोक्यावरचा पदर तिने कोपराने सावरला.

"मामंजी, जायाच्या दिवशी त्यांनी मला गोठ्यात बोलावलं. म्हनाले, मी आता येनार नाय. तितं दुसरीसंगं बिऱ्हाड केलंय मी. आयेला सांगू नको, ती मरंल. मी म्हनलं, मंग मला मोकळी करा, चार मानसांत सोडचिठ्ठी द्या. तर म्हनाले, तेवढ्यासाठी बाफुडं हुभं ऱ्हायाची हिंमत नाय. नि गेले." तिने ओला हात झटकला. "पाच म्हयने मी रोज कुंकू लावून त्यांची वाट बघितली, आत्याबाईंच्या सोबतीनं. मंग तुम्ही खांबाला टेकून बसलात नि गेला म्हनालात. तुम्ही अंगठा देऊन आलेलात."

"पन त्यो जिता आसंल तर?"

"आसंल. नसंल बी." ती सारवलेल्या जमिनीकडे पाहत होती. "जिता आसला तरी माझ्यासाठी येनार नाय. नि ते मेल्याबिगर मला कोन सोडनार?"

गोमाजीने डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत धरला आणि तसाच बसून राहिला.

"आता तुम्हाला कळलंय," तुळसा म्हणाली. "तुडीलला निरोप धाडायचा तर धाडा. मी कायबी बोलनार नाय."

तिने घमेले उचलले आणि उरलेला कोपरा सारवायला घेतला.

येसूबाई ओढ्यावरून आली. डोक्यावरचा हंडा तिने एकटीनेच उतरवला. दहाव्यापासूनची तिची रीत होती. चुलीवरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा तुकडा ती परसातल्या दगडावर ठेवी, पोराला हाक मारी आणि कावळा येईपर्यंत हलत नसे. आजही तिने तसेच केले. कावळा लगेच आला. ती हात पुसत ओटीवर आली. तिचे तोंड निवळलेले होते.

"आज लौकर आला," ती म्हणाली. "काल तुमी काय बोलला नाय. तुडीलचं काय ठरलं?"

अंगणाच्या कोपऱ्यात तुळसाचा हात फिरत होता.

मुरारी कदाचित जिवंत आहे, एवढे चार शब्द पुरे होते. येसूबाई त्यावर उठून उभी राहिली असती, वाडीभर धावत गेली असती, आणि मरेपर्यंत त्या ओटीवर बसून वाट बघत राहिली असती. तुळसाला तिने शेजारी बसवून घेतले असते.

"शनवारी," गोमाजी म्हणाला.

शनिवारी पाट लागला. पहिल्या घरची माणसे पाटाला जात नाहीत, म्हणून गोमाजी आणि येसूबाई घरीच राहिली. निघताना तुळसा दोघांच्या पाया पडली. येसूबाईने तिला उराशी धरून, मुरारीला आठवत रडून घेतले. तुळसाने सासूचे डोळे आपल्या पदराने पुसले. गोमाजीने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "नांद," एवढेच तो म्हणाला.

वैशाख लागल्यावर तिसऱ्या दिवशी गोमाजीने फोटो फडक्यात बांधला. आपण कुणासाठी अंगठा दिला, ते मुंबईतच कळणार होते.

"मुंबैला जाऊन येतो," तो म्हणाला.

"आता तितं कोन हाय आपलं?" येसूबाईने विचारले.

"गोदीत त्याच्या हजेरीचं पैसं ऱ्हायलेत म्हनतात. बघतो."

तिने त्याला भाकऱ्या बांधून दिल्या. दासगावच्या धक्क्यावरून सकाळी अकराची लाँच बाणकोटला बोट गाठून देत असे. महिपत त्याला पोचवायला गेला होता. चढताना दादाने, घरी येसूबाईजवळ रोज दोन घटका बसत जा, असे बजावले, एवढेच महिपतने परत येऊन सांगितले.

मेच्या दहा तारखेला एक कार्ड आले. अक्षर दुसऱ्या कुणाचे होते. मास्तरांनी ते ओटीवर बसून वाचून दाखवले. मी खुशाल आहे. काम अद्याप झालेले नाही. तुळसा नांदते आहे ना, ते कळवणे. खाली पत्ता नव्हता.

"कसलं काम हो मास्तर?" येसूबाईने विचारले.

मास्तरांनी कार्ड उलटून पाहिले. त्यावर आणखी काही लिहिलेले नव्हते.

पावसाळ्याआधीची शेवटची बोट २४ मे रोजी बाणकोटला लागली. वरच्या वाडीतली सात माणसे तिच्यातून उतरली. त्यांत गोमाजी नव्हता.